सुंदरीची पाटी

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळे सात-सव्वासातला ओटा पुसून, भांडी पालथी घालून मी मोकळी होते. खाली दांडिया बाजारचा रस्ता तेव्हा नुसता गजबजलेला असतो. रिक्षांचे हॉर्न, स्कूटरी, सूरसागरच्या काठी हवा खायला निघालेली माणसं. त्या आवाजात आमच्या जेवणाच्या टेबलाचं रोज अभ्यासाचं टेबल होतं. धाकट्या दिरांची लेक यंदा दहावीला आहे. मला ती ‘मोठीआई’ म्हणते.

दशलक्षण पर्व नुकतंच संपलं होतं. त्या संध्याकाळी मी देवघरातली उपकरणं आवरत होते आणि टेबलाकडून हुंदका ऐकू आला. जाऊन पाहते तर पोरगी वहीवर डोकं ठेवून रडतेय. गणित असं होतं: ५ पेन्सिली आणि ७ पेनं मिळून ५० रुपये. ७ पेन्सिली आणि ५ पेनं मिळून ४६ रुपये. तर एका पेन्सिलीची किंमत किती आणि एका पेनाची किती?

“मोठीआई, एक्स जातच नाहीये. तीन वेळा केलं, तीन वेगवेगळी उत्तरं आली.”

एवढ्यात दीर बाहेरून आले. हुंदके ऐकून म्हणाले, “वहिनी, म्हणूनच म्हणतोय, बेसिकचा फॉर्म भरून टाकू. कशाला डोक्याला ताप? तिला काय इंजिनिअर व्हायचंय?”

ज्यांच्या घरी दहावीचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. सी. बी. एस. ई.च्या दहावीला २०२० च्या परीक्षेपासून गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’. धडे तेच, पण बेसिकचा पेपर सोपा. पुढे गणित शिकायचं नाही अशा मुलांसाठी ही सोय केली. सोय चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण आमच्या घरात ती सोय कुणासाठी आणि का वापरली जाणार होती, ते मला दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलालाही दहावीत गणित जड गेलं होतं. त्याला शिकवणी लावली होती. फॉर्म बदलायचं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

खरं सांगू, मला दिरांचा राग आला नाही. मला माझी लाज वाटली. कारण पोरीच्या शेजारी बसून ते गणित सोडवून द्यायची माझी ताकद नव्हती.

मी सोलापूरची. शाळेत माझं मराठी, संस्कृत उत्तम होतं, इतिहास तर तोंडपाठ. गणिताच्या तासाला मात्र पोटात गोळा यायचा. आठवीत असताना फळ्यावर बोलावलं आणि समीकरणाची बाजू बदलताना चिन्ह बदलायचं मी विसरले. सर हसून म्हणाले, “बस खाली. तुला कुठं पेढी सांभाळायचीय?” वर्ग हसला. सरांच्या मनात वाईट काही नसेल, पण त्या दिवसापासून मी गणिताची वही उघडली की आधी तो हशा ऐकू यायचा. दहावीला काठावर पास झाले, आर्ट्सला गेले आणि पुन्हा त्या वाटेला फिरकले नाही. गणित हा आपला प्रांत नाही, अशी मी चाळीस वर्षं स्वतःची समजूत घातली.

त्या रात्री झोप येईना. मग एकदम वडिलांचं कपाट आठवलं. वडील गेल्यावर त्यांची पुस्तकं मी वडोदऱ्याला आणली होती. त्यांत सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेचे खंड होते, बासनात गुंडाळलेले. त्यातला एक होता ‘गणितसारसंग्रह’, महावीराचार्यांचा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवाद केलेला, १९६३ साली सोलापुरात छापलेला. वडील त्याला हात जोडायचे आणि परत ठेवायचे. मीही वर्षातून एकदा धूळ झटकायची, तेवढंच. आत काय आहे ते पाहावं असं कधी वाटलंच नाही. शास्त्र म्हणजे पूजेचं, असा आपला समज!

सकाळी चहा झाल्यावर बासन सोडलं. पानं उलटता उलटता एका उदाहरणाशी थांबले. ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत १०७. ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची किंमत १०१. तर एका महाळुंगाची किंमत काय आणि एका कवठाची काय?

मी तसंच पुस्तक घेऊन टेबलाशी गेले. पोरीची वही तिथंच पडली होती. पेन्सिलीच्या जागी महाळुंग, पेनाच्या जागी कवठ. बाकी गणित तेच! आकडे उलटसुलट करायची लकबसुद्धा तीच. आमची पोर ज्या गणितावर रडली, ते अकराशेहून जास्त वर्षांपूर्वी एका जैन आचार्यांनी विद्यार्थ्यांना घालून ठेवलं होतं.

हे महावीराचार्य कोण, ते थोडक्यात सांगते. नावामुळे कुणाचा घोटाळा होऊ नये, हे तीर्थंकर महावीर नव्हेत. हे नवव्या शतकातले दिगंबर आचार्य. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळातले. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी या राजाची स्तुती केली आहे. अमोघवर्षाचं राज्य इ. स. ८१४ ते ८७८, म्हणजे चौसष्ट वर्षं. राजधानी मान्यखेट, आजचं कर्नाटकातलं मळखेड. सोलापूरहून गुलबर्ग्याच्या बाजूला गेलं की हा मुलूख लागतो, म्हणजे माझ्या माहेरचा शेजारच. ग्रंथ साधारण इ. स. ८५० चा. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने तो तेलुगूत नेला. १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला, तेव्हा जगाला त्याची नव्याने ओळख झाली.

आणि गंमत म्हणजे या ग्रंथात ग्रहताऱ्यांचं काही नाही. त्याआधीच्या आर्यभट, ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांत गणित हे ज्योतिषाच्या पोटात एखाद-दुसरा अध्याय म्हणून येतं. महावीराचार्यांनी नुसत्या गणितावर पुस्तक लिहिलं. आजच्या भाषेत म्हणायचं तर ते पाठ्यपुस्तकच. नियम सांगायचा, मग उदाहरणांवर उदाहरणं. आणि सुरुवातीला गणिताची थोरवी सांगताना त्यांनी ते कुठे कुठे लागतं याची यादी दिली आहे. व्यापार-व्यवहार, संगीत, नाटक, वैद्यक, वास्तुविद्या, छंद, व्याकरण. त्या यादीत पाकशास्त्रही आहे! मी तो शब्द दोनदा वाचला. दोन वाट्या डाळीला गूळ किती, बारा माणसांचं पुरण चाळीस माणसांना कसं वाढवायचं, हे मी रोज करते. ते गणित आहे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्रैराशिक आहे आणि आचार्यांच्या लेखी ते गणितातच बसतं.

दुपारी पोरगी शाळेतून आली, तेव्हा मी पेन्सिल-पेनाला हात न लावता महाळुंग-कवठाचा कागद तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, “मला येत नाही. आपण दोघी मिळून बघू.” ती आश्चर्याने बघत राहिली. मोठ्या माणसांना येत नाही, हे तिने बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं.

बाजारहाट करणाऱ्या बाईसारखा मी विचार केला. दोन्ही पिशव्या एकत्र केल्या तर काय होईल? ९ आणि ७ मिळून १६ महाळुंगं, ७ आणि ९ मिळून १६ कवठं, आणि पैसे १०७ अधिक १०१, म्हणजे २०८. सोळा जोड्यांचे २०८, तर एका जोडीचे १३. आता दोन पिशव्यांतला फरक बघू. पहिलीत २ महाळुंगं जास्त, २ कवठं कमी, आणि पैसे ६ जास्त. म्हणजे एक महाळुंग एका कवठापेक्षा ३ ने महाग. दोघांची बेरीज १३, फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. ताळा केला: नवाठी ७२, सात पाचा ३५, एकूण १०७. बरोबर!

आचार्यांचा नियम याहून थेट आहे. मोठ्या किमतीला मोठ्या संख्येने गुणा, लहान किमतीला लहान संख्येने गुणा, वजाबाकी करा आणि दोन संख्यांच्या वर्गांच्या फरकाने भागा. ९ गुणिले १०७ म्हणजे ९६३. ७ गुणिले १०१ म्हणजे ७०७. फरक २५६. वर्ग ८१ आणि ४९, फरक ३२. २५६ भागिले ३२, आले की ८! पोरीने पेन्सिल उचलली आणि मला काही न विचारता आपलं गणित केलं. बारा जोड्यांचे ९६, एका जोडीचे ८, फरक २. पेन ५ रुपये, पेन्सिल ३ रुपये. मग म्हणाली, “इतकंच होतं?”

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. रोज एक सामायिक होईल एवढा वेळ, म्हणजे दोन घटका, घड्याळातली ४८ मिनिटं. आधी तिचा गृहपाठ, मग आचार्यांचं एक उदाहरण. शास्त्राचं पुस्तक देवघरातून जेवणाच्या टेबलावर आलं. धाकट्या जावेला आधी ते रुचलं नाही, पण मी टेबलावर स्वच्छ पांढरं कापड अंथरायला लागले, तेव्हा तीही काही बोलली नाही.

तुम्हाला वाटेल, आचार्यांची गणितं म्हणजे रूक्ष असतील. एक सांगते. नवरा-बायकोचं भांडण झालं आणि तिच्या गळ्यातला मोत्यांचा हार तुटला. एक तृतीयांश मोती दासींपर्यंत घरंगळले, एक षष्ठांश अंथरुणावर पडले. उरले त्यांचे निम्मे, पुन्हा उरले त्यांचे निम्मे, असं सहा वेळा निम्मे निम्मे इकडेतिकडे उधळले गेले. दोऱ्यात शेवटी १,१६१ मोती शिल्लक राहिले. तर हारात एकूण मोती किती? दिगंबर मुनींनी लिहिलेलं हे उदाहरण! पोरगी हसून हसून लोळली. “एवढं कसलं भांडण, मोठीआई?”

पण सोडवायचं कसं? तिने एक्स धरला आणि अपूर्णांकांच्या जंगलात हरवली. तेव्हा मला आपली जुनी युक्ती सुचली. अंदाजाने एखादी संख्या धरायची आणि काय होतं ते बघायचं. जुन्या ग्रंथांत याला इष्टकर्म म्हणतात. तीननेही भाग जायला हवा, सहानेही, आणि सहा वेळा निम्मं करता यायला हवं. आम्ही ३८४ धरले. एक तृतीयांश १२८ गेले, एक षष्ठांश ६४ गेले, उरले १९२. आता निम्मे करत चला: ९६, ४८, २४, १२, ६, ३. म्हणजे हार ३८४ मोत्यांचा असता तर ३ उरले असते. आपले तर १,१६१ उरलेत. १,१६१ भागिले ३ म्हणजे ३८७. मग ३८४ ला ३८७ ने गुणा. उत्तर १,४८,६०८. पहिल्या वेळी मी गुणाकारात चुकले आणि पोरीने माझी चूक काढली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. ‘जो एवढा हार गळ्यात घालतो त्याची मान मोडेल,’ असं तिने वहीत उत्तराखाली लिहून ठेवलं.

दुसरे एक दिवशी गुणाकाराची उदाहरणं आली. आचार्यांना गुणाकारातून आकड्यांचे हार गुंफायची हौस. १३९ ला १०९ ने गुणा: १५१५१. उलटं वाचलं तरी तेच. १,५२,२०७ ला ७३ ने गुणा: आठ वेळा एक, १,११,११,१११. पोरीने मोबाइल बाजूला ठेवून हे हातानं केलं. एकेक १ उतरत गेला तशी ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. जी पोरगी गुणाकार बघून कंटाळत होती, तिच्यासाठी अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी गंमत करून ठेवली होती.

आणि एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. शून्याचे नियम वाचत होतो. आचार्य म्हणतात, संख्येला शून्याने भागलं तर ती संख्या तशीच राहते. पोरगी थबकली. “मोठीआई, हे चूक आहे. शून्याने भागताच येत नाही.” मला क्षणभर कानकोंडं झालं. शास्त्राच्या पुस्तकात चूक? पण पोरीचं बरोबर होतं. तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनीही याच जागी डोकं लावलं, अशा राशीला ‘खहर’ म्हटलं, अनंताशी नातं जोडलं. म्हणजे हा प्रश्न भल्याभल्यांना पुरून उरला होता. त्याच महावीराचार्यांनी ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हे मात्र स्वच्छ सांगून ठेवलं आहे, कारण ऋण संख्या हा कुठल्याच संख्येचा वर्ग असू शकत नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा लघुतम साधारण विभाज्य घ्यायचा, ज्याला पोरगी एल.सी.एम. म्हणते, त्याला त्यांनी ‘निरुद्ध’ असं नाव देऊन नियम बांधून दिला. इतका मोठा माणूस, आणि एका जागी चुकला. त्याने त्यांची थोरवी कमी झाली नाही. मी मात्र आठवीत एक चिन्ह चुकले आणि चाळीस वर्षं शिक्षा भोगली. त्या रात्री मी हे पोरीला सांगितलं, फळ्याचं, सरांचं, हशाचं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही. फक्त माझा हात धरून बसली.

मग मी जरा मागे जाऊन शोधायला लागले. गणित आणि बाई यांची फारकत झाली कधी? आणि उत्तर आपल्याच पुराणात सापडलं. लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्याकडे कधी नीट पाहिलेलं नसतं. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन मुलींना जवळ बसवून विद्या दिली. ब्राह्मीला उजव्या हाताने अक्षरं लिहून दिली, सुंदरीला डाव्या हाताने अंक. मुलगेही होते, पण विद्यारंभ मुलींपासून झाला. आदिपुराणात ही कथा जिनसेनाचार्यांनी सांगितली आहे. विद्यावती स्त्रीला स्त्रियांमध्ये अग्रस्थान मिळतं, असंही तिथे ऋषभदेवांच्या तोंडी आहे. हे जिनसेनाचार्य म्हणजे अमोघवर्षाचे गुरू. ज्या राजाच्या काळात गणितसारसंग्रह लिहिला गेला, त्याच राजाच्या काळात ही कथाही लिहिली गेली.

म्हणजे आपल्या परंपरेत अंकांची पहिली विद्यार्थिनी एक मुलगी आहे. ब्राह्मीचं नाव लिपीला मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. सुंदरीची पाटी मात्र आपण विसरलो. आपल्याच घरात आपण म्हणतो, “मुलगी आहे, तिला गणित कशाला?”

पुढच्या काळातही बाईला गणित घातलं जातं, पण कसं ते पाहा. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. त्यांचं घराणं आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचं असल्याची खूण तिथल्या १२०७ च्या शिलालेखात आहे. ग्रंथातली कितीतरी उदाहरणं एका मुलीला उद्देशून आहेत. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने टळला, आणि तिच्या समाधानासाठी वडिलांनी हा ग्रंथ लिहिला, ही कथा आपल्याला तोंडपाठ असते. ती कथा ग्रंथात नाही. १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी अनुवादात ती येते. मला त्या कथेत एकच खटकतं. सुंदरीला अंक मिळाले ते लेक म्हणून, भावांच्या आधी. लीलावतीला मिळाले ते संसार हुकल्याची भरपाई म्हणून. मुलीने गणित शिकायला आधी दुःख का व्हावं लागावं?

आमच्या वडोदऱ्याचीच गोष्ट घ्या. महाराज सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचे पुत्र. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हा त्यांची अक्षरओळख व्हायची होती. उशिरा सुरुवात केली तरी माणूस कुठवर जातो, याचं उदाहरण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पुतळा होऊन उभं आहे. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. मुलींनाही सक्ती केली, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! तरी त्या कायद्यात एक फरक होता. मुलग्यांना सक्ती ७ ते १२ वर्षांपर्यंत, मुलींना ७ ते १०. लवकर लग्नं व्हायची, लोकांचा विरोध व्हायचा, महाराज तरी किती ताणणार? पण ती दोन वर्षं मला सलतात. दहाव्या वर्षी मुलगी पाढे, बेरीज-वजाबाकी, फार तर गुणाकार-भागाकारापर्यंत पोचत असेल. पुढची दोन वर्षं भावाची.

आणि शाळा सुटली तरी बायकांनी हिशोब सोडला का? माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याने पावणेतीन किलो तोललं आणि भाव ३६ असला, की त्याचं यंत्र उघडायच्या आत त्या म्हणायच्या, “नव्व्याण्णव.” मी विचारलं, कसं? म्हणाल्या, “छत्तीस दुणे बहात्तर, छत्तीस पाऊणे सत्तावीस. त्यात काय?” पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, सगळं जिभेवर. पण त्यांना कुणी विचारलं असतं, “तुम्हाला गणित येतं का?” तर त्यांनी पदराने तोंड झाकून सांगितलं असतं, “छे गं बाई, आम्हाला कुठलं!” त्यांना गणित येत होतं. त्याला गणित म्हणायचा अधिकार तेवढा नव्हता.

मागच्या महिन्यात मी धीर करून इथल्या प्राच्यविद्या मंदिराच्या ग्रंथालयात गेले. गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९३७ साली छापलेला ‘गणिततिलक’ मला पाहायचा होता. हा ग्रंथ श्रीपतीचा, अकराव्या शतकातला. त्याचं गाव रोहिणीखंड, ते अभ्यासक आजच्या महाराष्ट्रात दाखवतात. त्यावर टीका लिहिली तेराव्या शतकातल्या सिंहतिलकसूरी या श्वेतांबर मुनींनी. संपादन केलं हीरालाल रसिकदास कापडिया यांनी. आणि छापलं आमच्या वडोदऱ्याने. महाराष्ट्रातला गणिती, जैन टीकाकार, गुजराती संपादक, मराठी राजाची ग्रंथमाला. वडोदऱ्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी जैन घराला याहून जवळचं पुस्तक कुठलं? आणि लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी मला त्याचा पत्ता नव्हता.

संस्कृत थोडंफार येतं म्हणून टीका हळूहळू लावत बसले. मला त्यातलं एक फार आवडलं. मुनी कुठेही घाई करत नाहीत. आधी हे मांडा, मग याने गुणा, आता एवढं आलं, ते इथे ठेवा, असं बोटाला धरून नेतात. ‘हे उघडच आहे’ म्हणून पायरी गाळत नाहीत. शेजारी बसून गृहपाठ करून घेणारं माणूस जसं बोलेल, तसं. मूळ ग्रंथ आज पुरा मिळत नाही, पण जेवढा उरला त्याला ही टीका धरून आहे. माझ्या आठवीच्या वर्गात असं एक माणूस असतं तर, असं वाटून डोळे भरून आले. मग चष्मा पुसून पुढचं पान उलटलं.

फॉर्मची शेवटची तारीख आली. दीर पेन घेऊन बसले. मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण निर्णय पोरीचा. तिने वडिलांना सांगितलं, “बाबा, स्टँडर्ड.” ते म्हणाले, “मार्क कमी पडले तर?” ती म्हणाली, “पडले तर पडले. पण मला येतं.”

‘मला येतं.’ मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात तसाच थांबला. हे दोन शब्द आमच्या घरातल्या किती बायकांना म्हणता आले असतील, ते मोजायला लागले. सासूबाईंना नाही. माझ्या आईला नाही. मलाही नाही.

परीक्षेला अजून वेळ आहे. ती किती मार्क आणेल, पुढे गणित घेईल की आणखी काही, मला माहीत नाही आणि त्याची काळजीही नाही. मैत्रिणींनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातली मुलगी वहीवर डोकं ठेवून रडत असेल, तर तिच्याजवळ बसा. तुम्हाला येत नसलं तरी बसा. येत नाही असं तिला सांगा आणि दोघी मिळून करा. रोजची ४८ मिनिटं पुरतात. आणि देवघरात बासनात बांधून ठेवलेली पुस्तकं एकदा सोडून बघा. नमस्कार तर करावाच, पण आतली उदाहरणंही सोडवावीत.

हल्ली संध्याकाळी टेबलावर तीन वह्या असतात. एक पोरीची, एक माझी. तिसरी धाकट्या जावेची. परवा ती हळूच येऊन बसली आणि म्हणाली, “वहिनी, ते मोत्यांचं कसं करायचं, मलाही दाखवा.” मी म्हटलं, “मी नाही. लेकीला विचार.”